शब्द बाबांचा, निरोप तुझा

वाचक सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिचे बाबा आणि त्यांचे एक जिवलग मित्र यांनी एकाच बँकेत उभं आयुष्य काढलं, बदल्याही बऱ्याचदा एकाच गावी झाल्या. गेल्या महिन्यात त्या काकांचा निवृत्तीचा समारंभ झाला. तिथे बाबांनी माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं, “आता आम्ही नुसते मित्र राहणार नाही, व्याही होणार.” टाळ्या पडल्या, आत्याने हिच्या तोंडात पेढा कोंबला. काकांचा मुलगा हातात कागदी डिश घेऊन उभा होता. तो खाली बघत राहिला. त्याला ती लहानपणापासून ओळखते, पण दहावीनंतर दोघांचं धड बोलणं झालेलं नाही. साखरपुडा दिवाळीनंतर आणि लग्न फेब्रुवारीत, असं घरात धरूनच चाललंय. हॉलचा ॲडव्हान्स लवकरच भरायचा आहे.

तिचं दुसऱ्या कोणावर प्रेम नाही. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरीही चांगली आहे. “नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नाही,” असं ती लिहिते. आई म्हणते, “मी तुझ्या बाबांना लग्नाआधी एकदाच पाहिलं होतं.” ती आणि तिची रूममेट अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघतात. ‘अ कपल ऑफ कुकूज’ आणि ‘रानमा’ दोन्ही मालिका तिने पाहिल्या आहेत. तिथेही मुलांना न विचारताच लग्न ठरवलेलं असतं, मुलं आधी भांडतात आणि मग हळूहळू जवळ येतात. “त्यांचं जमतं, मग माझंच काय अडलंय? होकार द्यावा आणि प्रेम मागून येईल म्हणावं का? की मी उगाच बाऊ करतेय?” असा तिचा प्रश्न आहे.

*

प्रिय मैत्रिणी,

बाऊ तू करत नाहीस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मुलाबद्दल वाईट शब्द नाही, बाबांबद्दल राग नाही, आणि तरीही प्रत्येक परिच्छेदात एक वाक्य पुन्हा येतं: मला कोणी विचारलं नाही. एवढंच कारण पुरेसं आहे. नकार द्यायला पुरेसं आहे का, ते पुढे बघू. पण थांबायला नक्कीच पुरेसं आहे.

तू दाखल्यासाठी अ‍ॅनिमे घेतलास, तर मीही तिथूनच सुरुवात करते. मलाही त्या दोन्ही मालिका आवडतात, आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्या तुला वाटतंय त्यापेक्षा वेगळं काही सांगतात.

ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘अ कपल ऑफ कुकूज’ ही मिकी योशिकावा यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, बेतलेली मालिका २०२२ मध्ये आली. इस्पितळात दोन बाळांची अदलाबदल होते. नागी नावाचा मुलगा छोटी खानावळ चालवणाऱ्यांच्या घरी वाढतो आणि एरिका बड्या हॉटेलमालकाच्या घरी. सोळा वर्षांनी घोळ लक्षात येतो. वाढवलेलं मूलही सोडवत नाही आणि पोटचं मूलही हवं असतं, म्हणून दोन्हीकडचे आईबाप तोडगा काढतात की या दोघांचंच लग्न लावून टाकू. ‘रानमा’ त्याहून जुनी, रुमिको ताकाहाशी यांची. मांगा १९८७ ते १९९६ चालली, पहिली मालिका १९८९ मध्ये आली आणि २०२४ मध्ये ती नव्याने बनली. त्यात दोन मित्रांनी पूर्वीच ठरवलेलं असतं की आपल्या मुलांचं लग्न लावायचं आणि आपल्या युद्धकलेची शाळा पुढे चालवायची. त्यातल्या एकाचं नाव तेन्दो. एक दिवस मित्राचं पत्र येतं आणि तेन्दो आपल्या तीन मुलींना सांगतो की तुमच्यापैकी एकीला त्या मित्राच्या मुलाशी, रानमाशी लग्न करायचंय. दोघी मोठ्या बहिणी धाकट्या आकानेला पुढे ढकलतात.

आता मला सांग, या लग्नांनी प्रश्न कोणाचा सुटतो? नागी-एरिकाचा नाही, त्यांच्या आईबापांचा. रानमा-आकानेचा नाही, तेन्दोच्या शाळेचा. वडीलधारे यात दुष्ट नसतात. त्यांना काहीतरी गमावण्याची भीती असते आणि त्या भीतीवर मुलांचं लग्न हा त्यांना सापडलेला उपाय असतो.

तुझ्या बाबांची भीती कोणती असेल? तू ओझरतं लिहिलंयस की काका निवृत्तीनंतर साताऱ्याकडे, गावी राहायला जाणार आहेत. मी बाबांना ओळखत नाही, त्यामुळे हा माझा अंदाजच आहे. पण ज्याच्यासोबत रोज डबा खाल्ला, एकत्र बदल्या सोसल्या, तो माणूस आता रोज दिसणार नाही. तो समारंभ काकांच्या निवृत्तीचा होता, म्हणजे एका अर्थी निरोपाचाच. अशा वेळी माइकवर आलेलं ते वाक्य तुझ्या लग्नाबद्दल कमी आणि त्यांच्या मैत्रीबद्दल जास्त होतं, असं मला मनापासून वाटतं. हे ओळखलंस तर बाबांशी बोलताना तुझा सूर आपोआप मऊ राहील. मैत्री टिकवायचे दुसरे रस्तेही आहेत. महिन्यातून दोन दिवस साताऱ्याला जाता येतं, दोघांनी मिळून नर्मदा परिक्रमेला निघता येतं. मैत्रीचा सगळा भार तुझ्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर टाकायची गरज नाही.

दुसरी गोष्ट. तू म्हणतेस की त्यांचं जमतं. पण ते कशाने जमतं, हे पाहिलंस का? ठरलेल्या लग्नाने ते जमत नाही. २०२२ च्या चोवीस भागांत नागी आणि एरिकाचं लग्न होत नाही. ‘रानमा’चे अडतीस खंड आहेत. शेवटच्या खंडात लग्नाची तयारी होते, पाहुणे जमतात, मग इतका गोंधळ उडतो की लग्न राहून जातं आणि दोघं पुन्हा शाळेच्या वाटेला लागतात. म्हणजे इतकी वर्षं वाचक ज्या प्रेमात रमले, ते प्रेम फुललं ते न झालेल्या लग्नाच्या मोकळ्या जागेत. दोघांना रोज एकमेकांचं वागणं दिसतं, कोण कशाला घाबरतं ते कळतं, कोण कोणासाठी धावून जातं ते कळतं. आणि मुख्य म्हणजे त्या संपूर्ण काळात दोघांपैकी कोणीही कधीही ‘नाही’ म्हणू शकतं. म्हणतातही, दर दुसऱ्या भागात.

तुझ्याकडे दिवाळी आणि फेब्रुवारी यांच्यामध्ये तीनेक महिने आहेत, आणि तेही शालू, मानपान, याद्या यांत जातील. तेव्हा ‘होकार देऊन टाकते, प्रेम मागून येईल’ हा हिशोब अ‍ॅनिमेवरून मांडायचा असेल तर त्यातला वेळही आण. नुसतं ठरलेलं लग्न आणलंस आणि वेळ तिथेच ठेवलास, तर हाती तुझ्या आईचीच गोष्ट उरते.

आईचं बोलणं मात्र मी सोडून देणार नाही. “एकदाच पाहिलं होतं” यात एक गोष्ट दडलेली आहे. कांदेपोहे झाले, मुलाकडचे उठताना म्हणाले असतील, “विचार करून कळवतो.” तुझ्या आजोबांनीही तेच म्हटलं असेल. मग मधले काही दिवस गेले असतील आणि त्या दिवसांत कोणीतरी, निदान आजीने तरी स्वयंपाकघरात, आईला विचारलं असेल, “काय गं, कसा वाटला?” ही विचारणा नाममात्र असेल, ‘नाही’ म्हणणं अवघडही असेल, पण रीत म्हणून ती होती. आईला विचार, तुला कोणी विचारलं होतं का? काय उत्तर दिलंस? कदाचित तिलाही कोणी विचारलं नव्हतं असं निघेल. मग आई तुला जे सांगते आहे त्याचा अर्थ बदलेल, आणि तो बहुधा आधी तिलाच जाणवेल.

मी हे का सांगते? कारण तू बाबांकडे काही नवीन, शहरी, बंडखोर मागणी करत नाहीस. पेपरातल्या जाहिरातीतून किंवा वधूवर सूचक मंडळातून आलेल्या अगदी अनोळखी स्थळालासुद्धा आपल्याकडे निरोप कळवायला अवधी असतो. तुझं स्थळ ओळखीचं होतं, म्हणून तो अवधी कोणाला आठवला नाही. घराण्याघराण्याची ओळख म्हणजे मुलामुलीची ओळख, असं सगळ्यांनी धरलं. तूही धरलंस. दहावीपर्यंतचा मुलगा तुला माहीत आहे. आताचा माणूस नाही.

जपानमध्येही असंच आहे, हे तुला आवडेल म्हणून सांगते. तिथे वडीलधाऱ्यांनी स्थळ सुचवायची जुनी रीत आहे, तिला ओमिआई म्हणतात. फोटो आणि आपल्या बायोडेटासारखी घराची-शिक्षणाची माहिती एकमेकांकडे जाते, मग भेट होते. मध्ये एक मध्यस्थ असतो आणि भेटीनंतर होकार किंवा नकार त्याच्यामार्फत जातो, म्हणजे समोरासमोर कोणाचा अपमान होत नाही. नकाराची सोय त्या रीतीतच आहे. १८९८ च्या नागरी संहितेत लग्नाला घराच्या कर्त्याची संमती लागायची. १९४७ मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या कलम २४ ने सांगितलं की लग्न फक्त दोघांच्या संमतीवर उभं राहील. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रेमविवाहांनी ठरवून केलेल्या लग्नांना मागे टाकलं होतं. त्यामुळे तुझ्या दोन मालिकांतले बाप आपल्याच पोरांचं लग्न परस्पर ठरवून मोकळे होतात, तेव्हा तिथला प्रेक्षक हसतो. त्याला माहीत असतं की हा शब्द कोणी खरा करायला लावणार नाही. तुझ्या घरी मात्र हॉल बघून झालाय.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात कामाची. तो मुलगा खाली बघत होता. तू त्याला त्याचा होकार समजलीस. पेढा तोंडात असताना तू काय करत होतीस? तू लिहिलंयस, “मी हसले, दुसरं काय करणार?” मग त्याने तुझं हसणं काय समजलं असेल?

त्या दोन्ही मालिकांत लग्न जाहीर होताच पहिली गोष्ट कोणती होते? मुलगा आणि मुलगी दोघंही म्हणतात, हे आम्हाला मान्य नाही. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, पण या एका मुद्द्यावर ते एका बाजूला असतात, आणि त्यांची ओळख तिथूनच सुरू होते. तू मात्र पत्रभर त्याला बाबांच्या बाजूला उभं केलंयस. तो तिथे आहे की नाही हे तुला ठाऊक नाही. कदाचित त्याला आनंद झाला असेल. कदाचित त्याचं बाहेर कुठे जमलं असेल आणि काकांना सांगायची हिंमत होत नसेल. कदाचित तोही रात्री उशीवर डोकं ठेवून हाच विचार करत असेल की मुलगी चांगली आहे, नाही म्हणायला कारण नाही, मग मी थांबलोय का?

म्हणून आधी त्याला भेट. घरी, दोन्ही आया शेजारच्या खोलीत बसल्यात, अशी भेट नको. बहीण-भाऊ बरोबर नकोत. ऑफिस सुटल्यावर एखाद्या साध्या हॉटेलात चहा घ्या. सुरुवातीलाच एक करार करा: इथे बोललेलं दोघांच्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही. मग तू आधी बोल, कारण पुढाकार तू घेतलायस. म्हण, “त्या दिवशी मला धक्का बसला. तुझं काय झालं?” आणि गप्प बस. त्याला वेळ दे.

बोलणं पुढे सरकलं तर बायोडेटातले प्रश्न सोड, ती उत्तरं घरच्यांकडे आहेत. हे विचार की आपल्या घरच्यांनी सुचवलं नसतं तर माझं नाव तुझ्या मनात आलं असतं का? घरात एखादी गोष्ट पटली नाही तर तू काय करतोस, बोलतोस की गप्प राहतोस? काका-काकू गावी गेल्यावर त्यांची जबाबदारी तू कशी धरतोस? माझी बदली झाली तर? मूल कधी, आणि हवंच आहे का? ही उत्तरं एका भेटीत पुरी होणार नाहीत. व्हायलाही नकोत.

एक सावधगिरीची सूचना, तू अ‍ॅनिमे बघतेस म्हणून. आकाने रानमाला झोडपते, रानमा तिला घालूनपाडून बोलतो, आणि प्रेक्षकाला कळतं की यांचं प्रेम आहे. पडद्यावर ते गोड लागतं. पण समोरचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच टाकून बोलू लागला, तर त्यामागे लपलेली माया शोधत बसू नकोस. जे बोलला तेच त्याला म्हणायचं होतं, असं धर.

आणि दुसरी. लग्न टाळण्यासाठी एरिका नागीला खोटा बॉयफ्रेंड व्हायला लावते, ते तुला आठवत असेल. अशी युक्ती सुचवणारी मैत्रीण तुलाही भेटेल. करू नकोस. बाबांना खोटा मुलगा दाखवलास तर त्या दिवसापासून घरातली चर्चा त्या मुलाची होईल, त्याची जात, त्याचा पगार, त्याचं घर. तुझं म्हणणं बाजूलाच पडेल, आणि खोटं उघडं पडल्यावर तुझ्या खऱ्या शब्दालाही घरात किंमत राहणार नाही.

त्याच्याशी बोलणं झालं की बाबांशी बोल. दोघांनी आपापल्या घरी, शक्यतो एकाच दिवशी. बाबा एकटे असताना बोल, पाहुण्यांसमोर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. मी काही वाक्यं सुचवते, ती तुझ्या भाषेत वळव: “बाबा, काकांच्या घराबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी नाही म्हणायला आले नाहीये. पण अनोळखी स्थळ असतं तरी तुम्ही मला विचारलं असतं ना? मला सहा महिने द्या. तोवर साखरपुडा नको, हॉल नको. आम्ही दोघं भेटू, आणि मग जे असेल ते मी स्वतः तुम्हाला सांगेन.”

बाबा म्हणतील, मी चारचौघांत शब्द दिलाय. त्यावर वाद घालू नकोस. शब्द त्यांनी मित्राला दिलाय, तर तो सैल करायचा मानही त्यांनाच दे. ते काकांना एवढंच सांगू शकतात की मुलं एकमेकांना ओळखून घेतायत, थोडं थांबू. ज्या मैत्रीला एवढं वाक्य पेलत नाही, ती मैत्री व्याही झाल्यावर दिवाळसणाच्या मानपानात तरी टिकेल का, हा प्रश्न तू विचारू नकोस. आत्या विचारू शकतात. पेढा त्यांनीच भरवला होता, त्यामुळे त्यांना तुझ्या बाजूला आणणं जड जाणार नाही, आणि भावाला दोन शब्द सुनवायचा हक्क त्यांना आहेच.

बाबा रुसतील, दोन-चार दिवस जेवताना बोलणार नाहीत. ते सोसावं लागेल. पण साखरपुड्याआधीचं ते रुसणं आणि साखरपुडा मोडल्यावरचं दुखणं यांची तुलना कर. सुपारी फुटली, अंगठ्या घातल्या, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले की मागे येणं दोघांनाही महाग पडतं, आणि मुलीला जास्त. म्हणून ॲडव्हान्स भरायच्या आत बोल.

सहा महिन्यांनी ‘नाही’ निघालं, तर आणखी एक गोष्ट आत्ताच त्याच्याशी ठरवून ठेव: नकार कोणाचा होता हे दोन्ही घरी सांगायचं नाही. “आम्ही दोघांनी ठरवलं,” एवढंच. म्हणजे कोणाच्याच बापाला मित्रासमोर मान खाली घालावी लागणार नाही. आणि ‘हो’ निघालं तर मला खरंच आनंद होईल, कारण तो होकार तुम्ही दिलेला असेल, त्या माइकने नाही.

तुझ्यासारखी पत्रं मला येत असतात, आणि सगळ्यांचे बाबा तुझ्या बाबांसारखे नसतात. कोणाचा फोन काढून घेतलाय, कोणाची नोकरी सोडवलीय, कोणाला मारहाण होतेय. त्यांच्यासाठी वरचं काही लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, त्यात मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण लागतं. त्याखालच्या कोणाचं लग्न ठरत असेल तर १०९८ वर कळवता येतं, शेजाऱ्यालाही. आणि जबरदस्तीने संमती घेऊन लग्न लावलं असेल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली ते रद्द करून घेता येतं. मात्र जबरदस्ती संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून वकिलाकडे जायला वेळ लावू नये.

ज्यांचं आधीच कोणावर प्रेम आहे आणि घरी दुसरीकडे ठरतंय, त्यांनी सहा महिने मागू नयेत. वेळ मागितला की समोरच्या घराला आशा लागते. तिथे स्पष्ट सांगणंच बरं, आणि ज्याच्याशी ठरतंय त्या मुलाला किंवा मुलीला सगळ्यात आधी.

आणि हे वाचणाऱ्या, कुठल्याशा समारंभात कागदी डिश धरून खाली बघत राहिलेल्या मुलांनो, तुम्हालाही कोणी विचारलेलं नाही हे मला ठाऊक आहे. मुलीनेच फोन करावा अशी वाट बघू नका. तिचा नंबर काकूंकडून मागायला संकोच वाटत असेल तर बहिणीकडून घ्या, आणि पहिल्या फोनवर लग्नाचं काही बोलू नका. एवढंच विचारा की त्या दिवशी तुला कसं वाटलं.